रेस्टॉरंट म्हणजे आधी सूपच होतं! चांगला ‘फो’ शोधणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, थोडं आरोग्य



मुलं मुंबई-पुण्यात नोकरीला लागली की घरच्या जेवणात नवीन शब्द येतात. रामेन आलं, डिमसम आलं, आता ‘फो’ आलाय. फो म्हणजे व्हिएतनामचं नूडल सूप. तासन्‌तास उकळलेला रस्सा, त्यात तांदळाच्या रुंद शेवया, वरून मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, पुदिना-तुळशीसारखा पाला आणि लिंबू. आमच्या कर्जत-खालापूर भागातले बरेच जण आठवड्यातून दोनदा तरी मुंबईला जातात. तिथे ‘पॅन-एशियन’ म्हणवणाऱ्या हॉटेलांच्या मेन्यूत हे नाव दिसतं, आणि मग मला प्रश्न येतात. ‘डॉक्टर, सूप आहे म्हणजे हलकंच ना?’ ‘बीपीला चालेल ना?’ ‘आजारपणातून उठलेय, ताकद येईल ना?’

या तिन्ही प्रश्नांच्या मागे एकच समजूत आहे. रस्सा म्हणजे औषध, रस्सा म्हणजे ताकद. ही समजूत आली कुठून आणि त्यात खरं किती, हे कळलं तर चांगला फो कसा शोधायचा आणि कुणी किती प्यायचा, हे तुम्हाला आपोआप समजेल. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

‘रेस्टॉरंट’ ही जागा नव्हती, तो काढा होता

फ्रेंच भाषेत ‘रेस्टोरे’ म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं करणं, शक्ती भरून काढणं. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ‘रेस्टॉरंट’ म्हणजे मांस खूप वेळ शिजवून काढलेला दाट अर्क. नाजूक छातीच्या, भूक मेलेल्या, अशक्त माणसांनी तो घ्यावा असा समज होता. 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये असे अर्क विकणारी दुकानं निघाली. तिथे सगळ्यांनी एका लांब टेबलावर ठरलेल्या वेळी जेवायचं नसे. ज्याला जेव्हा हवं तेव्हा यावं, आपल्या छोट्या टेबलावर बसावं आणि वाटीभर सूप घ्यावं. हळूहळू सूपाबरोबर इतर पदार्थ आले, छापील मेन्यू आला आणि काढ्याचं नाव दुकानाला चिकटलं. आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो ते एका अर्थाने आजाऱ्यांच्या पथ्याचं दुकान होतं.

आपल्याकडे हीच कल्पना फार जुनी आहे. चरक आणि सुश्रुत संहितांमध्ये आजाऱ्याच्या आहाराच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. आधी मंड, म्हणजे भाताची निवळ. मग पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे दाट पेज. त्यानंतर यूष, म्हणजे मुगासारख्या डाळीचं कढण, आणि शेवटी मांसरस. शोधन झाल्यावर या क्रमाने नेहमीच्या जेवणावर यायचं, याला संसर्जन क्रम म्हणतात. तुमच्या आजीने तापातून उठल्यावर तुम्हाला दिलेलं मुगाचं कढण हे त्याच ‘यूषा’चं घरगुती रूप.

गंमत म्हणजे संस्कृतमध्ये डाळीच्या पातळ पदार्थाला ‘सूप’ म्हणतात आणि स्वयंपाक करणाऱ्याला सूपकार. एकोणिसाव्या शतकात मराठीत छापलेल्या सुरुवातीच्या पाकपुस्तकांपैकी एकाचं नावच ‘सूपशास्त्र’ होतं. इंग्रजी ‘सूप’ मात्र वेगळ्या मुळातून आला. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, एवढंच त्यांचं नातं.

फो आला कुठून?

फो हा काही हजार वर्षांचा पदार्थ नाही. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह भागात, तो तयार झाला. तेव्हा तिथे फ्रेंचांची सत्ता होती. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल आणि रेडा ही कामाची जनावरं. फ्रेंच लोक गोमांस खात, त्यामुळे हाडं आणि उरलेले तुकडे स्वस्तात मिळू लागले. चिनी फेरीवाल्यांकडे तांदळाच्या शेवया आणि रस्सा आधीपासून होताच. या दोन्हींच्या मिश्रणातून खांद्यावर कावड घेऊन विकला जाणारा हा गरिबाचा नाश्ता जन्मला. नाव फ्रेंच ‘पो-तो-फ’ या मांसाच्या रश्श्यावरून आलं असं काही म्हणतात, तर काही ते चिनी शब्दावरून आलं असं मानतात. उच्चारही आपण लिहितो तसा ‘फो’ नाही. नुसता ‘फ’ थोडा लांबवून, प्रश्न विचारल्यासारखा वर न्यायचा, की त्याच्या जवळपास जातो.

1954 मध्ये जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामचे दोन भाग झाले आणि लाखो लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे गेले. त्यांच्याबरोबर फो सायगावला पोचला. उत्तरेचा फो साधा, रश्श्यावर भर देणारा. दक्षिणेत त्यात मोड आलेले मूग, भरपूर पाला, गोडसर आणि तिखट सॉस आले. (त्या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे फारसं कुणाला आठवत नाही.) 1975 मध्ये सायगाव पडलं, माणसं बोटींतून देश सोडून गेली आणि फो अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्समध्ये पोचला. निर्वासितांनी पोट भरण्यासाठी उघडलेल्या छोट्या दुकानांतून तो जगभर पसरला.

भारतात व्हिएतनामी चव सर्वात आधी रुजली ती पुदुच्चेरीत. तेही फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आणि सायगावला नोकरी-धंद्याला गेलेली तमिळ कुटुंबं परतताना तिथल्या पाककृती घेऊन आली. मुंबईत मात्र आधी चिनी हॉटेलं आली आणि त्यांनी आपल्या जिभेला ‘मांचाव सूप’ शिकवलं. कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं, सोया सॉसने काळं झालेलं, वर तळलेल्या नूडल्स. फो याच्या बरोबर उलट आहे. त्यात पीठ नसतं आणि रस्सा आरपार दिसतो.

आपल्या मातीत त्याचे नातेवाईक शोधायचे तर दोन सापडतात. एक, कोल्हापूरचा पांढरा रस्सा. दुसरे, दक्षिण कोकणातले शिरवाळे. तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांपासून साच्यातून पाडलेल्या या शेवया आपण नारळाच्या गोड रसात खातो, व्हिएतनामी माणूस तशाच तांदळाच्या शेवया हाडांच्या रश्श्यात खातो. कर्जत हे तर भाताचंच गाव. इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती कोकणभर लावल्या जातात. तांदळाची शेवई आपल्याला परकी वाटायचं काही कारण नाही.

रश्श्यात ताकद किती?

आता मुख्य प्रश्न. हाडं उकळून निघालेल्या पाण्यात पोषण किती असतं? विज्ञानाने या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच दिलंय, तरी समजूत अजून जात नाही.

1679 मध्ये डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंद भांड्यात वाफेच्या दाबाने हाडं मऊ करणारं यंत्र बनवलं. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. पुढे पॅरिसच्या रुग्णालयांत आणि गरिबांसाठी हाडांतल्या जिलेटिनचं सूप वाटायला सुरुवात झाली. स्वस्तात मांसाइतकं पोषण, असा दावा होता. पण ते पिऊन रुग्ण सुधारत नव्हते. वाद वाढल्यावर फ्रेंच विज्ञान अकादमीने मजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. 1841 च्या तिच्या अहवालातला निष्कर्ष स्पष्ट होता. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेले कुत्रे जगत नाहीत. कारण नंतर कळलं. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हा आवश्यक अमिनो आम्ल नसतोच. ज्या प्रोटीनमध्ये एक वीटच कमी आहे, त्याने शरीराची भिंत बांधता येत नाही.

1859 च्या आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हेच परिचारिकांना बजावलं. आजाऱ्याला सर्वात पौष्टिक म्हणून ‘बीफ टी’ देतात, पण तो आटवून बघा, तळाशी जेमतेम चमचाभर घन पदार्थ उरतो. त्याने आजाऱ्याला थोडी तरतरी येते हे त्यांनी नाकारलं नाही. तरतरी आणि पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा होता.

आजही माझ्या ओपीडीत हीच गोष्ट रोज दिसते. टायफॉइड किंवा न्यूमोनियातून उठलेल्या आजोबांना घरचे प्रेमाने पायाच्या सूपावर ठेवतात. सकाळी सूप, संध्याकाळी सूप, मध्ये चहा-बिस्किट. महिनाभराने वजन आणखी घटलेलं, पायांवर सूज, उठताना भिंतीचा आधार. घरात कुणी दुर्लक्ष केलेलं नसतं. उलट रोज दोन तास गॅस जळत असतो. फक्त पोषण पातेल्याच्या तळाशी, मांसात आणि डाळीत राहून जातं, आणि आजोबांच्या वाट्याला पाणी येतं.

साधा हिशोब करा. 50 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला किमान 40 ते 50 ग्रॅम प्रोटीन लागतं, आजारातून उठताना त्याहूनही जास्त. गाळलेल्या पातळ सूपाच्या वाटीत ते जेमतेम दोन-चार ग्रॅम असतं. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, मूठभर (30 ग्रॅम) मूगडाळीत सुमारे 7 ग्रॅम. हाडांच्या सूपातून कॅल्शियम मिळतं हीही समजूतच. पाण्यात उतरणारं कॅल्शियम फार थोडं असतं, त्यापेक्षा दूध आणि नाचणी कितीतरी पुढे.

म्हणून सूप गाळून देऊ नका. त्यातलं मांस बारीक करून, डाळ घोटून, अंडं फेटून सूपातच घाला. संसर्जन क्रमातही पेज ही पहिली पायरी आहे, कायमचा मुक्काम नाही.

मग रस्सा कामाचा कधी?

पाणी आणि मीठ भरून काढायला. यात त्याला तोड नाही.

आमच्या डोळ्यांसमोरचा बोरघाट आठवा. 1856 ते 1863 या काळात इथे रेल्वे चढवली गेली. काम ऐन भरात असताना 40 हजारांच्या वर कामगार घाटात राबत होते, आणि कॉलऱ्यासारख्या साथींनी त्यांतले असंख्य दगावले. कॉलऱ्यात माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्या काळी यावर सोपा उपाय ठाऊक नव्हता.

असा सोपा उपाय सापडायला पुढे शंभरहून अधिक वर्षं गेली. 1971 च्या बांगलादेश युद्धात बोनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यातून सहज शोषलं जातं आणि त्यामागोमाग पाणीही. साखरेऐवजी तांदळाच्या पिठाचं द्रावणही कॉलऱ्यात चांगलं चालतं, हे नंतर सिद्ध झालं. म्हणजे मीठ घातलेली भाताची पेज आणि ओआरएस ही सख्खी भावंडं. जुलाब सुरू झाले तर आधी ओआरएसचं पाकीट. ते नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबत पेज द्या.

फोमधल्या आणखी एका गोष्टीचं औषधाशी नातं आहे. त्याचा वास मुख्यतः चक्रीफुलाचा, आपल्या मसाल्यातल्या बादियानचा. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी ‘टॅमिफ्लू’ हे नाव होतं. ते औषध बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढलं जाई. म्हणून फो प्यायल्याने फ्लू बरा होतो का? नाही. फुलातल्या आम्लावर कारखान्यात अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावर औषध तयार होतं. आणि तान्ह्या बाळांना चक्रीफुलाचा काढा अजिबात देऊ नका. त्यात विषारी जपानी जातीची भेसळ झाल्याने बाळांना झटके आल्याची उदाहरणं आहेत.

चांगला फो ओळखायचा कसा?

1. रस्सा बघा. तो पारदर्शक हवा. भाजलेला कांदा, आलं, दालचिनी, चक्रीफूल यांचा वास आधी यावा. गढूळ आणि नुसताच खारट असेल तर बहुधा तो पावडरीतून आलाय.

2. तो वाफाळता हवा. मांसाचा रस्सा कोमट ठेवला तर त्यात जंतू वाढतात आणि काही तासांत पोटात कळ येते. रस्सा 60 अंशांच्या वर गरम ठेवलेला हवा. कोमट आला तर परत पाठवा, लाजू नका.

3. मेन्यू छोटा आणि गिऱ्हाईक सतत येणारं असेल तर उत्तम. जिथे एकाच छताखाली पिझ्झा, पावभाजी आणि फो मिळतो, तिथे रस्सा कालचा असण्याची शक्यता जास्त.

4. कच्चा पाला आणि मोड. पावसाळ्यात इथेच खरा धोका. टायफॉइड आणि कावीळ न धुतलेल्या पाल्यातून येते. पाला आणि मोड उकळत्या रश्श्यात बुडवून, मऊ झाल्यावरच खा. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि केमोथेरपी चालू असलेल्यांनी तर नक्कीच.

5. शाकाहारी असाल तर स्पष्ट विचारा. ‘व्हेज फो’मध्येही मासळीपासून केलेला फिश सॉस असू शकतो. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. 2015 च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गाय-बैलाचं मांस नसतं, इथला फो बहुतेक चिकनचा असतो. चिकनचा फो हनोईतही आवडीने खातात, त्यामुळे तो दुय्यम समजू नका.

6. भिंतीवर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक लावलेला असावा.

अजिनोमोटोची भीती

1908 मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. टोमॅटोतही ते निसर्गतः असतं. 1968 मध्ये एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो. त्या एका पत्रावरून जगभर भीती पसरली. नंतरच्या चाचण्यांत, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या अजिनोमोटोने असा त्रास सातत्याने होतो हे सिद्ध झालं नाही. 2015 मध्ये आपल्याकडे मॅगीवरून गदारोळ झाला तेव्हाही लोक अजिनोमोटोला घाबरले.

मला त्यापेक्षा साध्या मिठाची काळजी जास्त वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ पुरे. हॉटेलातल्या नूडल सूपाच्या मोठ्या वाटग्यात त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त एका बैठकीत जातं, त्यावर आपण सॉस ओततो. जे मीठ जुलाबाच्या रुग्णाला वाचवतं, तेच हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला रात्रीत दम लावू शकतं. रस्सा तोच, शरीर वेगळं.

कुणी कसा खावा?

* बीपी, हृदय किंवा किडनीचा विकार असेल तर शेवया, मांस, भाज्या खा आणि निम्म्याहून अधिक रस्सा वाटग्यात सोडून द्या. पैसे वाया गेले असं मानू नका. जादा सॉस नको, लिंबू पिळा. किडनीच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.
* मधुमेह असेल तर तांदळाच्या शेवया म्हणजे भातच, हे लक्षात ठेवा. शेवया अर्ध्या सांगा, चिकन किंवा टोफू दुप्पट. त्या दिवशी वेगळा भात नको.
* गाउट असेल तर मांसाचा आटवलेला रस्सा सांधे भडकवू शकतो. भाज्यांचा घ्या.
* नुकतेच आजारातून उठला असाल तर चिकन, अंडं किंवा टोफू घातलेला फो छान जेवण आहे. नुसता रस्सा जेवण नाही.

कुंभिवलीत किंवा खोपोलीत बसून फो हवा असेल तर घरीही जमतो. चिकनची हाडं, चुलीवर किंवा गॅसवर भाजलेला कांदा आणि आलं, दोन चक्रीफुलं, एक दालचिनीचा तुकडा, कमी मीठ, मंद आच आणि तीन तास. तांदळाच्या शेवया वेगळ्या उकडा. चिकनचे तुकडे मात्र गाळून फेकू नका, वाटग्यात घाला, आणि घरातल्या सर्वात अशक्त माणसाच्या वाटग्यात सर्वात जास्त घाला.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. चालू औषधं आणि पथ्य यांत बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.)